तिसरा रकाना

प्राध्यापक भालेराव गेल्याचं मला त्यांच्या पत्नीच्या पोस्टकार्डावरून कळलं. चांद्याच्या आमच्या कचेरीत दुपारचं टपाल आलं होतं. कार्डावर चारच ओळी होत्या. सर तापाने गेले, शेवटपर्यंत शुद्धीवर होते आणि "तुमच्यासाठी त्यांनी एक वस्तू ठेवली आहे, सवडीने न्या." त्याला आता सहा आठवडे झाले. नागपूरला जाऊन ती वस्तू मी घेऊन आलो, पण लिहायला मात्र हात धजत नव्हता...

मी आरमोरीजवळच्या धान पिकवणाऱ्या घरातला. आमच्यात बी. ए. झालेला पहिलाच. नोकरीसाठी कोणाकडे शब्द टाकावा हेही घरात कोणाला ठाऊक नव्हतं. सरांनी आपणहून बोलावून मला त्यांच्या पाहणीवर घेतलं. आकडेमोडीची यंत्रं तेव्हा नुकतीच जिल्ह्यातल्या कचेऱ्यांत आणि धानाच्या गिरण्यांत येऊ लागली होती. ती कोण आपलीशी करतं, कोण करत नाही आणि का, हे सरांना शोधायचं होतं. आई म्हणाली, "मशिनी पाहाचा पगार देते? तुहा मास्तर लयच भोळा दिसते, बापा!" हे सरांना सांगितलं, तर ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. पुढे दर भेटीत विचारायचे, "आई काय म्हणतात? अजून भोळाच ना मी?"

माझं काम फॉर्म भरण्याचं. त्यात दोन रकाने होते : यंत्र आहे का, आणि वापरात आहे का. आलापल्लीच्या पुढे एका लाकूड डेपोत रामाजी नावाचे वयस्क कारकून होते. त्यांच्या टेबलावर मुठीचं यंत्र होतं. मूठ फिरवली की खिडकीत आकडे उमटत. "रोज चालते जी. एक दिवस खाडा नाई," रामाजी म्हणाले. मूठ हात लागून लागून चकचकीत झाली होती. मी समाधानाने 'वापरात' लिहिलं. बाकीच्या कचेऱ्यांतही तसंच लिहीत गेलो. या अहवालावरून, यंत्र आलं तिथे कारकून किती कमी करायचे हे वरची मंडळी ठरवणार होती. ते मला माहीत होतं, पण त्या एका शब्दाशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता.

अहवाल पाठवायच्या आधी सर म्हणाले, "एकदा नुसतं बसून येऊ." डेपोत सर सकाळपासून एका ओंडक्यावर बसून राहिले. मोजणीदार सागाची लांबी आणि घेर ओरडून सांगे. रामाजी जुना छापील तक्ता उघडत, बोटाने ओळ धरत, घनफूट काढून वहीत लिहीत. मग यंत्राची मूठ फिरवत, खिडकीत पाहत आणि मान डोलावत. दर ओंडक्याला हेच.

सरांनी हळूच विचारलं, "रामाजीभाऊ, हे काय चाललंय?"

"मशीनची परीक्षा घेऊन राह्यलो जी. दोन वर्सं झाले, अजून एकदाबी नापास नाई झाली."

मोजणीदार म्हणाला, "पोरगी पाहून राह्यले ते, सायेब. पसंत हाये, पन लगन नाई करत!" सगळे हसले. सरही हसले.

"मग तक्ता बंद का नाही करत?"

रामाजींनी वही पुढे सरकवली. "खाली सही कोनाची हाये? माही. उद्या आकडा चुकला त मले बोलावतीन. मशीनले कोनी बोलावते काय?"

यंत्राने काम वाचवलं नव्हतं, दुप्पट केलं होतं, आणि माझ्या एका शब्दावर या माणसाची खुर्ची जाणार होती. परतताना लाकडाच्या ट्रकमध्ये मी म्हणालो, "सर, मले काढून टाका." घाबरलो की माझ्या तोंडून घरची बोली येते. सर म्हणाले, "तुम्ही पाहिलं तेच लिहिलंत. मी अर्धाच प्रश्न विचारला होता." सर मला कधी 'अरे' म्हणाले नाहीत.

मुक्कामी पोचताच त्यांनी सारे फॉर्म काढले आणि लाकडी पट्टीने प्रत्येकावर तिसरा रकाना आखला : आकड्याची जबाबदारी कोणावर? आम्ही पुन्हा प्रत्येक कचेरीत, प्रत्येक गिरणीत गेलो. अहवाल वर्षभर लांबला. बढती सरांच्या हातून दुसऱ्याकडे गेली, हे मला आता नागपूरला त्यांच्या पत्नीकडून कळलं. "मला म्हणाले होते, पोराला सांगू नकोस." डेपोतली कपात मात्र तेव्हा थांबली, आणि रामाजी सन्मानाने निवृत्त झाले.

सरांनी माझ्यासाठी ठेवलेली वस्तू म्हणजे तीच पट्टी. एका कडेला शाईचे डाग, मधला भाग बोटांनी गुळगुळीत झालेला.

गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीतही यंत्र आलं. साहेब म्हणाले, "वापरात आहे असं लिहून द्या, वर पाठवायचंय." समोरच्या टेबलावरचे सखारामजी, आमचे जुने कारकून, तक्ता मिटून माझ्याकडे पाहत होते. मी खणातून पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि साहेबांना म्हणालो, "दोन दिवस द्या. मी जरा त्यांच्याजवळ बसतो."