धानाच्या यंत्रानं तपासलेलं घर

मी राइस मिलमध्ये धान पारखतो. शेतकरी पोतं उघडतो, मी मूठभर धान यंत्राच्या वाटीत टाकतो, बटण दाबतो आणि काचेवर ओलाव्याचा आकडा येतो. आकडा सतराच्या वर गेला की धान वापस. समोरचा माणूस सांगतो, कालच उन्हात वाळवून आणलं. मी त्याच्याकडे पाहतही नाही. यंत्र सांगून राहिलं ना, मग त्याचं तोंड कशाला पाहायचं? अशी वर्षं काढली की माणूस घरीही तसाच होतो. दुधात बोट बुडवून पाहतो, बायकोनं हसून चहा दिला तर आज काय मागणार आहे याचा विचार करतो.

अशा माणसावर घर घ्यायची पाळी आली. गोंदियात आम्ही ज्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्या घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या. पावसाळ्याच्या आत खाली करा, म्हणाला. बायकोनं घरं शोधायला सुरुवात केली आणि मी ती नापास करायला. एका घराची दारं नवीन रंगवलेली होती. विकायचंच आहे तर दारं काऊन रंगवली? नापास. दुसऱ्या घरात मालकानं दुसऱ्यांदा चहा विचारला. एवढं प्रेम कशासाठी? मी चप्पल घालून बाहेर.

शेवटी तिनं कुडव्यात एक घर पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बोअर आणि पायरी एकही नाही. तिचे गुडघे दुखायला लागले होते. घर पाहून आली तेव्हा तिनं मला काही विचारलं नाही, सांगितलं.

"अजी, हे घर हातचं गेलं तर मी कामठ्याला भावाकडे जाते. तुम्ही मिलमध्ये पोत्यावर झोपा."

मी म्हटलं, तपासून घेऊ. आमच्याकडे घर तपासायची रीत साधी आहे. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यायचा. तो भिंतीवर दोन थापा मारतो, चहा पितो आणि 'मजबूत आहे' म्हणतो. पण ते घर त्याच मिस्त्रीनं बांधलेलं नसेल कशावरून? त्यातच माझ्या नागपूरच्या साडूनं सांगितलं की, तिकडे आता घर तपासणारी माणसं मिळतात. बॅगेतून अवजारं काढतात, कॅमेऱ्यात भिंतीचा ओलावा रंगीत दिसतो, दोन टोकांचं यंत्र टोचलं की भिंत किती ओली ते कळतं. मी मोबाइलवर तसले व्हिडिओ पाहिले आणि ठरवलं की हे काम आपलंच आहे. ओलावा मोजण्यात आपला हात कोण धरणार?

माझ्या बॅगेत टॉर्च, विजेचा टेस्टर, लहान हातोडी आणि फरशीचा उतार पाहायला पोरं खेळतात तो काचेचा कंचा, म्हणजे गोटी होती. आणि सगळ्यात खाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, मिलमधलं धानाचं यंत्र. भिंतीत टोचायला त्याला टोकं नव्हती, वाटी होती. पण ओलावा तो ओलावा. धानातला काय आणि भिंतीतला काय!

घराचा मालक दवनीवाड्याचा म्हातारा शेतकरी. पोरांच्या शिक्षणासाठी त्यानं हे घर बांधलं होतं. पोरं शिकली, नोकरीला लागली, तिकडचीच झाली. तो बाजेवर बसला होता. आम्ही उंबरठा ओलांडला नाही तोच म्हणाला,

"पाहा भाऊ, आधीच सांगून राहिलो. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीले पावसाळ्यात वल येते. बाकी घर ठणठणीत आहे."

झालं! माझे कान उभे राहिले. मिलमध्ये जो माणूस येताच 'वरचं पोतं जरा ओलं आहे' म्हणतो, त्याची खालची पोती मी पहिले उघडतो. एक दोष मोफत देणाऱ्याजवळ दहा लपवलेले असतात. मी त्या पश्चिमेच्या भिंतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो मला तिकडे वळवून राहिला, हे मला पक्कं कळलं होतं.

मी बैठकीच्या खोलीत सुरुवात केली. टेस्टर सॉकेटमध्ये घातला. दिवा लागला नाही. दुसऱ्यात घातला. तिथेही नाही.

"वायरिंग गेलेलं आहे," मी बायकोला ऐकू जाईल असं म्हटलं.

"लाइन गेली आहे," म्हातारा म्हणाला. "पंखा बंद दिसून नाई राहिला का?"

शेजारच्या घरातल्या बायासुद्धा पदरानं वारा घेत अंगणात आल्या होत्या. मी घाम पुसला आणि कंचा फरशीवर सोडला. तो घरंगळत दिवाणाखाली गेला. उतार सापडला म्हणून मी खूश झालो आणि तो काढायला पोटावर झोपलो. बाहेर आलो तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही ढकलला म्हणून गेला."

मग मी मुख्य कामाला लागलो. पूर्वेची भिंत नवीन रंगवलेली होती. तिथेच पाणी मुरत असणार. म्हाताऱ्याची पाठ वळली तसा मी टेस्टरच्या टोकानं एका कोपऱ्यात प्लास्टर खरवडलं, हातोडीनं बारीक केलं, यंत्राच्या वाटीत भरलं आणि धानाचं बटण दाबलं.

बावीस.

"पाहा!" मी ओरडलो. "बावीस! घर ओलं आहे!"

म्हातारा वळला. आधी त्यानं भिंतीतला खड्डा पाहिला, मग यंत्र. यंत्र पाहिल्यावर तो खड्डा विसरला. उठून जवळ आला आणि वाकून पाहू लागला.

"हे तर धानाचं यंत्र आहे."

"ओलावा मोजते," मी म्हणालो.

"कायले? घर भरडाईले नेतोस का?"

बायको पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. म्हाताऱ्यानं वाटी झटकून रिकामी केली, खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली आणि ओलसर खर्रा वाटीत ओतला. बटण त्यानं स्वतः दाबलं. चांगलं माहीत होतं त्याला ते बटण.

चौदा आले.

"खर्रा पास झाला," तो म्हणाला. "घर फेल."

मी हसायचा प्रयत्न केला. त्यानं हसू दिलं नाही. डोळे बारीक करून त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. जसं मी पोत्याकडे पाहतो, अगदी तसं.

"मिलवाला होय का तू?"

"हो."

"धान वापस करणारा?"

मी यंत्राचं बटण बंद केलं.

"मागच्या हंगामात माझा धान गेटावरून वापस झाला होता. रात्रभर ट्रॅक्टर उभा. तूच होतास का?"

मला खरोखर आठवेना. शपथेवर सांगतो, आठवेना. पोती आठवतात, माणसं आठवत नाहीत. पण 'मी नव्हतो' म्हणावं तर ते खोटं ठरायची भीती, आणि 'मी होतो' म्हणावं तर घर गेलं. मी वाटीतला खर्रा परत पुडीत भरायला लागलो.

"मले नाई विकाचं," म्हातारा म्हणाला आणि बाजेवर जाऊन बसला.

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की मला मिलमधली पोती दिसायला लागली. मग ती माझ्याशी एक शब्द न बोलता म्हाताऱ्याजवळ गेली.

"काका, ती पश्चिमेची भिंत दाखवता का?"

तो उठला. मी मागून गेलो. भिंतीवर कमरेपर्यंत फुगलेला रंग होता, अगदी उघडा, कोणीही पाहावा असा.

"वल कुठपर्यंत चढते?"

"एवढी," त्यानं हात लावून दाखवलं. "शेजाऱ्याच्या छताचं पाणी इकडं पडते. पाइप लावला का थांबते. मी लावला नाई. राहणारं कोणी नव्हतं, कोणासाठी लावू?"

"आणि बोअर?"

"मे महिन्यात पाणी कमी होते. आटत नाई."

ती विचारत गेली, तो सांगत गेला. मला एकेक उत्तरावर शंका येत होती; मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिनं न वळता हात मागे करून मला थांबवलं. शेवटी ती म्हणाली, "काका, आम्हाला घर पाहिजे."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुले देतो बाई. याले नाई देत. कागद बाईच्या नावानं होईल, नाई तर होणार नाई."

मी म्हणालो, "पण कर्ज तर माझ्या पगारावर..."

"तुमचा पगार चालेल त्यांना," बायको म्हणाली. "नाव नाई चालत."

नोंदणीच्या दिवशी म्हातारा दवनीवाड्याहून धुतलेला सदरा घालून आला. बायको टेबलाजवळ बसली, अंगठ्याचे ठसे दिले, फोटो काढला. माझ्यासाठी खुर्ची नव्हती. दोन साक्षीदार लागत होते. एक त्याचा पुतण्या आणि दुसरा मी. माझ्याच घराच्या खरेदीवर मी साक्षीदार म्हणून सही केली. सही चांगली, वळणदार केली, निदान तेवढं तरी दिसावं म्हणून.

म्हाताऱ्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि कारकुनाला विचारलं,

"बाबू, हा साक्षीदार खरा आहे का नाई, हे कोण पाहते?"