खरकट्याच्या थाळ्याचं नाव

माणसं ताटात काय काय सोडून उठतात, ते धोंडीरामला विचारावं. दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या एका हॉटेलच्या भांडीघरात तो आठ वर्षं खरकटं निपटत होता. हम्मसमध्ये खुपसलेले टिश्यू, कुनाफ्याच्या चिकट पाकात रोवलेल्या दातकोरण्या, चावून चावून परत ताटात ठेवलेला मटणाचा चोथा, भाताच्या ढिगात विझवलेली सिगारेट. हे सगळं तो हवापाणी सांगावं तसं सांगायचा.

"मोठ्याचं उष्टं काय आन् बारक्याचं काय, वास एकच असतो ताई. मोठ्याचं फकस्त ढिगानं असतं."

हॉटेलातलं तो काही खात नसे. स्टाफसाठी वेगळं, ताजं शिजायचं, तरी नाही. सकाळी थापलेल्या ज्वारीच्या दोन भाकरी फडक्यात बांधून आणायचा आणि भिंतीकडे तोंड करून खायचा.

गंगाखेडकडचा माणूस, वय चोपन्न. कतारला आल्यावर पहिली अकरा वर्षं बांधकामावर होता, राहायला शहराबाहेर, बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पात. त्याचे तिथले खोलीवाले अजून तिथेच आहेत. दर शुक्रवारी हा पिशवीभर वांगी घेऊन तिकडे जायचा आणि सगळ्यांचा स्वयंपाक करायचा.

त्याची-माझी गाठ पडली ती कौशिकमुळे. कौशिक हॉटेलचा ब्रँड मॅनेजर, कोथरूडचा, एकतिशीचा, वागायला गोड. जुन्या युरोपातल्या दरबारी मेजवानीच्या थाटाचं एक रेस्टॉरंट काढायचं त्याने घेतलं होतं आणि मी नाटकवाल्यांना हालचाली शिकवते, म्हणून वाढप्यांना तशी चाल शिकवायला मला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी त्याने आम्हा सगळ्यांना उभं करून एक शब्द सांगितला. व्हॉइडर.

शब्द आता मेलेला आहे. रिकामं करणं या अर्थाचं एक जुनं फ्रेंच क्रियापद सरदार-दरकदारांबरोबर इंग्लंडात गेलं आणि तिथल्या जेवणघरात रुळलं. पंगत संपत आली की एक मोठा थाळा किंवा टोपली आणायचे, टेबलावरची हाडं, पावाचे तुकडे, सांडलेलं सगळं लाकडी सुरीने त्यात लोटायचे. त्या थाळ्याचं नाव व्हॉइडर. पुढे कुठे कुठे कपड्यांच्या टोपलीलाही तोच शब्द लागला, मग टेबलाच्या रीती बदलल्या आणि तो वापरातून गेला. त्याच घरातला एक भाऊ मात्र जिवंत आहे: अव्हॉइड. आपण रोज वापरतो.

थाळ्याचं नाव कौशिकने माणसाला लावलं. पितळी बिल्ला करून आणला. धोंडीराम, व्हॉइडर. बरोबर मखमली डगला आणि तांब्याची परात. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत टेबल निपटायचं. त्याचं म्हणणं, लोकांना असली जुनी गोष्ट आवडते आणि काकांनाही मान मिळेल.

धोंडीराम नाही म्हणू शकत नव्हता. डिसेंबरात त्याचा करार संपत होता आणि भांडीघरात मशीन येणार होतं. जे फ्लोअरवर, म्हणजे बाहेर पाहुण्यांसमोर, येतील त्यांचेच करार वाढतील, असं कौशिकने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. धोंडीरामची मुलगी उर्वी नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्याला अजून एक करार हवा होता, बस्स.

चाल तो दोन दिवसांत शिकला. पाठ ताठ, परात बेंबीच्या उंचीला, नजर पाहुण्याच्या खांद्यापलीकडे. इतका सुरेख चालायचा की मलाच ते बघवेना. एवढ्या डौलाने उचलायचं काय, तर कुणाच्या तरी तोंडातून पडलेलं.

तिसऱ्या आठवड्यात कौशिकला मेजवानीचा शेवट सुचला. त्याने वाचलं होतं की मोठ्या घरांतलं असं उरलंसुरलं पुष्कळदा वेशीवरच्या गरिबांना जायचं. म्हणून दालनाच्या टोकाला एक लाकडी वेस उभारायची, व्हॉइडरने परात घेऊन तिच्यातून बाहेर जायचं, बाहेर गाडी उभी. त्यातलं बरं दिसेल ते डब्यांत भरून खरंच बिरकतला पाठवायचं. टेबलावर कार्ड राहील: तुमच्या ताटातलं काहीही वाया जात नाही. असलं अन्न देणं नियमात बसत नव्हतं, म्हणून कागदावर ते किचनमध्ये उरलेलं म्हणून जाणार होतं.

धोंडीरामने परात खाली ठेवली. "खानार कोन हे, साहेब?"

"तुमचेच लोक, काका. मटण आहे, केशरभात आहे. त्यांना कुठे मिळतं रोज?"

"ताटातलं?"

"ताटातलं म्हणजे काय, वरवरचं. हात न लागलेलं."

"हात लागला का नाई ते भाताला इचारनार का?"

कौशिक हसला. म्हणाला, काका, तुम्ही फार सेन्सिटिव्ह आहात.

त्या दिवशी चहा पिताना धोंडीरामने मला आपल्या आईचं सांगितलं. लग्नाच्या मांडवामागे ती बादली घेऊन बसायची. पंगत उठली की पत्रावळींवरचं सगळं बादलीत पडायचं: आमटी, भात, बुंदी, त्यात कुणी चूळ भरली असेल तर तीही. घरी आणून ती बुंदी निवडून द्यायची. आमटीत भिजलेली, फुगलेली बुंदी.

"खायचात?"

"खायचो की. गोड लागायची ताई. तेच तर वंगाळ. सहा वर्साचा होतो. एक दिवस दाताखाली कायतरी आलं. बघतो तर कुनाचा तरी चावलेला पानाचा इडा." त्याने कप खाली ठेवला. "बानं बादली उकिरड्यात फेकली. म्हनला, उपाशी मरू, पर ह्ये नाई. आईला मारलं नाई त्यानं. नुसता रडत बसला."

कपातला चहा त्याने तसाच बेसिनमध्ये ओतला.

उद्घाटनाआधी एक तालमीची मेजवानी झाली. ऑफिसातलेच बारा जण पाहुणे. अख्खा भाजलेला बकरा आला. लोकांनी तो बोटांनी ओरबाडला, फोटो काढले आणि अर्धा सोडला. भातावर मेयोनीज ओघळलेलं. एका बाईंनी लिपस्टिक पुसलेला टिश्यू रश्श्यात टाकला आणि तो तांबडा होऊन तरंगत राहिला. तेलाचा आणि अत्तराचा मिळून एक वास सुटला होता, तो माझ्या ओढणीला दोन दिवस राहिला.

धोंडीराम आला. निपटलं. परात भरली. शिकवलेल्या चालीने वेशीपर्यंत गेला. तिथे कौशिक कॅमेरा घेऊन उभा होता. धोंडीराम वेशीतून बाहेर गेलाच नाही. त्याच्यासमोर थांबला, परात एका हातावर तोलली, डगल्याच्या खिशातून स्वच्छ पुसलेला चमचा काढला आणि केशरभात भरून पुढे केला. भाताला मेयोनीज चिकटलेलं, वर हाडाचा चावलेला शेंडा.

"घ्या साहेब. एक घास."

"काका, शूट चालू आहे."

"असू द्या की. वरवरचंच काढलंय. हात न लागलेलं."

कौशिकने आमच्याकडे बघितलं. चमचा त्याच्या तोंडापासून वीतभर होता. तोंडावर हात दाबून तो बाजूला झाला.

"मंग बिरकतला कसं पाठवता?" धोंडीरामने हळूच विचारलं. "द्यायचं तर मांडायच्या आधी द्या. पातेल्यातलं द्या. मी सोता घिऊन जातो. नाईतर ह्ये कचऱ्यात जाऊ द्या, ती त्याची जागा हाय."

परात घेऊन तो वेशीतून नाही, भांडीघराच्या दाराने गेला. आतून खरकटं ड्रमात पडल्याचा आवाज आला.

कार्डं छापून आली होती, ती कुणी टेबलावर ठेवली नाहीत. गाडीचं पुन्हा नाव निघालं नाही. पातेल्यातलं द्यायचंही निघालं नाही. रेस्टॉरंट ठरल्या दिवशी सुरू झालं. मखमली डगला आता दुसराच कुणी घालतो, आणि लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात.

धोंडीरामचा करार वाढला नाही. जायच्या आधीच्या शुक्रवारी तो मला बिरकतला घेऊन गेला. खोलीतल्या सहा जणांसाठी त्याने वांग्याचं भरीत केलं आणि भाकऱ्या थापल्या. वाढताना प्रत्येकाला सांगत होता, लागंल तेवढंच घे. उर्वीला अजून सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर सांगीन म्हणाला, फोनवर नको.

मी विचारलं, चुकल्यासारखं वाटतं का?

"पोरीच्या फीचं वाटतं. दुसरं कायबी नाई." मग म्हणाला, "हापिसात सामान परत घिताना बिल्ला मागत व्हते. डगला दिला, परात दिली. बिल्ला गावंना."

"कुठे गेला?"

"पडला आसंल ड्रमात," तो म्हणाला आणि माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली. मी ती संपवेपर्यंत तो समोरून उठला नाही.