सुखदेवची आरोळी

आमच्या सुखदेवनं रामाकोन्यात आरोळी देली, त बोरगावातली ढोरं कान टवकारत. म्हनून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, का पुढं तोच. कागद-बांबूची ते बाई गावाबाहेर जाळाले नेताना जे-जे नकोसं, ते तिच्यासंगं धाडाचं: "खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत!" शेजाऱ्याचं नाव घेतलं तरी कोनी राग मानत नाही. मले त तो दरसाल धाडे.

त्या वर्षी त्यानं गुलाबले धाडलं. गुलाब त्याचा फवारनीचा पंप नेऊन वापस देऊन नव्हता राहिला. "पंपचोर गुलाबले घेऊन जा गे मारबत!" सारं गाव हासलं, गुलाबही हासला. पोट्ट्याईनं मोबाइलवर व्हिडिओ घेतला.

आन् दुसऱ्या दिवशी गुलाब गायब! मायशी भांडून, कोनाले न सांगता गेला. महिन्याभरानं विहिरीत एक मढं निघालं, चेहरा ओळखू न येनारं. अंगात गुलाबसारखा शर्ट. सौंसरच्या बाजारात त्या शर्टाचे ढीग लागते, पन त्याच्या मायनं, अंबाबाईनं, शर्ट पाहून हंबरडा फोडला आन् झालं, मढं गुलाबचंच ठरलं.

मंग आला अंकुश, मोबाइलवरचा बातम्यावाला, परमुलखातला. मारबत काय असते, बाप्पा, त्याले काय मालूम! सुखदेवच्या तोंडाभोवती लाल गोल काढला: "देखिए, कातिल ने एक दिन पहले खुद ऐलान किया!" दिवसभर तेच, मागं ढनढन बाजा. मी सांगलं, "हो, सुखदेवच वरडला, पन हे आमची रीत हाय रे बाबू!" जळो त्याचं तोंड, त्यानं माहं पहिलं अर्धंच दाखवलं.

पाहता पाहता ज्याईले काही दिसलं नव्हतं, त्याईलेही दिसाले लागलं. अंकुशच्या चॅनलनं खुनाचं नाटक करून दाखवलं होतं. आमच्या रामाजीबुढ्याले रातचं दिसत नाही, पन कोर्टात शपथ घेऊन म्हने, सुखदेवले विहिरीकडं जाताना म्या पायलं. कोठी पायलं रे बुढ्या? त मोबाइलात! सुखदेवले जन्मठेप झाली. त्याची बायको लीलाबाई कपाशी वेचून वकिलाच्या चकरा मारत राहिली.

चौथ्या साली नागपूरच्या बसमधून पेढ्याचा पुडा घेऊन उतरला कोन? गुलाब! इतके दिवस सुरतेत कापडाच्या कारखान्यात होता. अंबाबाईनं आधी त्याले कवटाळलं, मंग चप्पल काढली. लीलाबाईनं त्याले घोटभर पानीही पिऊ देलं नाही. गचांडी धरून सरळ वकिलाच्या घरी नेलं.

सुखदेव सुटला; विहिरीतलं मढं कोनाचं, ते आजवर कोनाले मालूम नाही. जेलच्या दारात गुलाब पाया पडाले वाकला, त हा म्हने, "माहा पंप कोठी हाय बे?" आमी हासता हासता रडलो.

पन खुनाची बातमी लाखो लोकाईनं पायली, सुटकेची आमच्याच गावानं. सौंसरच्या बसमंदी आजही लोक त्याच्या बाजूची सीट सोडते. मले असा संताप येते!

यंदा मारबत निघाली. पोट्टे म्हने, "सुखदेवभाऊ, आरोळी!" गुलाब सोताच पुढं झाला, "घे माहं नाव, मी कोठी जाऊन नाही राहिलो." सुखदेवनं चौफेर पायलं. साऱ्याईचे मोबाइल वर. मंग नरड्याच्या शिरा फुगवून वरडला,

"सुखदेवले घेऊन जा गे मारबत!"

लोक पोट धरून हासले. लीलाबाईनं धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला.