किल्ली कोण देत होतं

जुनी घड्याळं का जमवता, असं विचारलं की लोक छान छान उत्तरं देतात. कारागिरी, इतिहास, आजोबांची आठवण. माझ्याकडे खिशात ठेवायची तेवीस घड्याळं आहेत आणि ती सगळी मी रागाने जमवली आहेत. चांगल्या माणसांना छंद असतो, मला आकस आहे.

आमचे बाबा ग्वाल्हेर दरबारच्या दफ्तरात कारकून. चोख कामाबद्दल त्यांना दरबारातून चांदीचं घड्याळ मिळालं होतं. जुन्या पद्धतीचं, वर फिरवायला बटण नसलेलं. मागचं झाकण उघडायचं, आत छोटी पितळी किल्ली घालायची आणि अकरा वेढे द्यायचे, बारावा नाही. बाबा रोज सकाळी पूजेआधी ते करत आणि घड्याळ देव्हाऱ्याशेजारी ठेवत.

मग संस्थान गेलं, मध्य भारत नावाचं नवं राज्य झालं आणि राजधानीचे दोन तुकडे झाले. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. ऊन तापायला लागलं की फायली, कपाटं आणि कारकून इंदूरला निघत, बायकामुलं इथेच. घड्याळ मात्र बाबा नेत नसत. "दरबारचं घड्याळ दुसऱ्या दरबारात न्यायचं नसतं," म्हणत. दोन्ही दरबार बुडाले होते, पण हे बाबांना सांगणार कोण!

पहिल्या उन्हाळ्यात निघताना त्यांनी किल्ली दादाच्या हातात दिली. "आता घरात तूच पुरुष. बंद पडू द्यायचं नाही." दादा अकरा वर्षांचा, मी नऊची. तिसऱ्याच दिवशी त्याने किल्ली माझ्याकडे फेकली. "तू देऊन टाक ना, मला टाइम नाही आहे." आणि खेळायला पळाला.

त्यानंतरचे आठ उन्हाळे किल्ली मी दिली. अंगात ताप असताना दिली, परीक्षेच्या सकाळी दिली. मोठी झाल्यावर आईने बजावलं की त्या चार दिवसांत देव्हाऱ्याकडे फिरकायचं नाही, तेव्हा ती उठायच्या आत पहाटे दिली. बाबांची पत्रं मात्र दादाच्या नावाने येत. 'घड्याळ नियमित चालवतोस हे वाचून समाधान वाटले.' दादा उत्तरात लिही, 'घड्याळ चालू आहे.' एक अक्षर खोटं नाही. पुढे तो वकील झाला यात नवल ते काय.

मग नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून बाबाही गेले. आम्ही शाळा-कॉलेजासाठी इथेच, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहिलो. निघण्याच्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी घड्याळ आणि किल्ली दादाला दिली. "आठ उन्हाळे या मुलाने हे बंद पडू दिलं नाही. आता हे याचंच." त्यांचे डोळे भरून आले होते. मी तोंड उघडलं, तोच आई म्हणाली, "पोहे खाली लागतील, जा बघ." पोहे कधीच उतरवून झाले होते. तिला सगळं माहीत होतं. बाबा फसले, दादा काय, दादाच होता. पण आईला मी अजून माफ केलेलं नाही.

संध्याकाळी दादाने सवयीने किल्ली माझ्यापुढे धरली. "तुझं घड्याळ, तू दे," मी म्हणाले. त्याने ती फळीवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी घड्याळ थांबलं. येता-जाता मी ते थांबलेले काटे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. बाबांनी अचानक यावं आणि हे बघावं, एवढीच इच्छा होती.

बाबा आले नाहीत. महिन्याभरात दादाच्या मनगटावर नवं कोरं घड्याळ दिसलं. "ते तर बंदच पडलं होतं ना," तो म्हणाला, "नई सडकवरच्या घड्याळवाल्याकडे बदलून घेतलं." मी तशीच दुकानात गेले. "बिटिया, वो तो गल गई," दुकानदार म्हणाला. "चाँदी अच्छी थी. चाबी भी नहीं थी साथ में." घड्याळ वितळवून झालं होतं, किल्ली मात्र घरी फळीवर होती तिथेच होती. ती मी उचलली. मी हट्ट सोडून किल्ली देत राहिले असते तर घड्याळ वाचलं असतं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

शाळेत नोकरी लागल्यावर त्या किल्लीला बसेल असं घड्याळ मी शोधायला लागले. भंगारवाले पालथे घातले, मोडणाऱ्या घरांतून फिरले. एक मिळालं, हुबेहूब तसंच. किल्ली चपखल बसली. तिथेच थांबायला हवं होतं, पण ते बाबांचं नव्हतं. म्हणून पुढचं शोधलं, मग त्याच्या पुढचं. बाबांना भोपाळच्या पत्त्यावर खरं काय ते तीनदा लिहिलं आणि तिन्ही पत्रं फाडली. मग ते वारलेच.

गेल्या दिवाळीत दादा गावातल्याच सिटी सेंटर भागातून कंपू मोहल्ल्यात माझ्या घरी आला. बरोबर त्याची नात होती. तिला कॉलेजसाठी माझ्या घड्याळांबद्दल मुलाखत हवी होती. तिने फोन समोर धरला. "आजी, ये सब शुरू कसं झालं?"

मी बोलायच्या आत दादाच बोलला. "आमच्या बाबांचं घड्याळ होतं ना. ते इंदूरला जायचे तेव्हा मीच रोज किल्ली द्यायचो. आठ वर्षं, एक दिवस चुकवला नाही." तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि त्याचे डोळे बाबांसारखेच भरून आले होते.

मी कपाटातून ते पहिलं घड्याळ काढून त्याच्या हातात ठेवलं. "अगदी हेच होतं बघ, दादा. दे किल्ली."

त्याने ते उलटसुलट करून बघितलं. मग वरची कडी चिमटीत धरून पिळायला लागला. ती फिरेना.

"याचं बटण तुटलेलं आहे वाटतं," तो म्हणाला.

पितळी किल्ली माझ्या मुठीत होती. नात फोन धरून हसत होती. तिला काय कळणार. ज्यांना कळलं असतं ते बाबा भोपाळलाच गेले, शेवटपर्यंत दादाचं कौतुक करत.