माझा सपत्नीक सत्कार

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळींना सत्काराचा भारी सोस. शाल, श्रीफळ आणि शेजारच्या खुर्चीवर सत्कारमूर्तीची बायको. तिची ओटी भरल्याशिवाय सत्कार पुरा होत नाही. यंदा माझा नंबर लागला. मी समलिंगी माणसांसाठी मराठी मासिक काढतो, गेली कित्येक वर्षं, इथेच बसून. ज्या मंडळाच्या वाचनालयाने माझे अंक कपाटामागे कोंबले, त्याच मंडळाला कायदा बदलल्यावर माझा अभिमान वाटायला लागला.

कार्यवाहांचा फोन आला. "साहेब, घरचं कुणी येणार का बरोबर? खुर्चीचं बघायचं होतं."

"माझा जोडीदार येईल. मासिक दोघांचं आहे, त्यालाच बसवा."

"हो हो, करू सोय," ते म्हणाले.

तो सिकंदराबादला रेल्वेत आहे. घरी दखनी बोलतो, मराठी अक्षर वाचता येत नाही. तरी अंबरपेठेतल्या छापखान्यातून अंकांचे गठ्ठे स्कूटरवर आणायचे, पाठवणाऱ्याचं नाव नसलेल्या खाकी पाकिटांत भरायचे, पोस्टात टाकायचे, हे सगळं त्यानेच केलं. घरून पळून आलेल्या एखाद्या मुलाला पोलिसांनी धरलं की ठाण्यात माझ्याबरोबर तोच यायचा. मी चिडून बोलायचो आणि काम बिघडवायचो. तो अर्धा दिवस बाकावर बसून राहायचा, गोड बोलायचा आणि मुलाला सोडवून आणायचा. मला लोक कार्यकर्ता म्हणतात, त्याला कुणी काहीच म्हणत नाही. एकदा तरी चारचौघांत तो माझ्या शेजारी बसावा, एवढ्याचसाठी मी सत्काराला होकार दिला होता.

विद्यानगरच्या सभागृहात पोचलो, तर त्या खुर्चीवर माझी वहिनी. नारायणपेठी साडी, केसांत गजरा. हीच वहिनी शेजारपाजारी सांगते, "भाऊजींचा छपाईचा धंदा आहे," आणि अंक घरात ठेवू देत नाही. कार्यवाहांनी परस्पर माझ्या भावाला फोन केला होता. माझ्या जोडीदाराला त्यांनी मागच्या रांगेत जागा दाखवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग माझा परिचय. उपेक्षित घटक, आरोग्य, जनजागृती, मायमराठीची सेवा. कार्यवाह बोलत राहिले, पण मासिक कुणासाठी आहे ते काही त्यांच्या तोंडून निघेना. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे तरी किती? मला शिवी चालली असती. शिवीला निदान उत्तर देता येतं. या गुळमुळीत कौतुकाला काय उत्तर देणार? तेवढ्यात वहिनीची ओटीही भरून झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी माइक घेतला.

"मी समलिंगी आहे. मासिक समलिंगी माणसांचं आहे. ही माझी वहिनी, हिने आमचा अंक कधी हातात धरलेला नाही. ज्याने सगळे अंक पोस्टात टाकले, तो मागे बसलाय. त्याला वर बोलवा."

वहिनी उठली आणि ओटी सावरत खाली निघून गेली. तिला सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं, असं भाऊ अजून म्हणतो. म्हणू दे.

तो वर आला. या दिवसासाठी त्याने रजा काढली होती, पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. कार्यवाहांना काय करावं ते सुचेना. दुसरी शाल आणलेली नव्हती आणि हा समोर उभा. त्यांनी टेबलावरचं पेढ्यांचं ताट उचललं, त्याच्या हातात दिलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "आप आ ही गए हैं, तो जरा सबको बांट दीजिए."

मी तरातरा पुढे झालो. त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं असतं, त्यानंतर मंडळाने मला दारातही उभं केलं नसतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो सरळ वहिनीच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसला. ताट मांडीवर घेतलं, एक पेढा तोंडात टाकला.

"नक्को जी," तो कार्यवाहांना म्हणाला. "मेरा बी सत्कार चलरा. दूसरे किसी कू बोलो."