माईक हातात असून न बोललेले आण्णा

गणपती आण्णांच्या आवाजावर आक्खं मैदान उठायचं. तसल्याच आवाजानं एका पोराची कुस्ती खाल्ली. ते बोलणं आण्णांचं न्हवतं, पण हे सांगायला आण्णांनी उशीर केला. त्याचा राग माझ्या डोक्यातनं आजून जात न्हाय.

मी गुंडू. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवतो. आण्णा माईकवर निवेदन करणार, आणि मी त्यांच्या शेजारी. एरवी मंगळवार पेठेत सायकलीचं पंक्चर काढणारा हा माणूस, पण माईक हातात आला की पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, सगळं तोंडपाठ. एक गोष्ट मात्र कधी करायचे न्हाईत. माईकवर स्वतःबद्दल चकार शब्द काढायचे न्हाईत. त्यांच्या वस्तादांनी घातलेला दंडकच तसा व्हता: मैदान पैलवानाचं, तिथं निवेदकानं आपलं रडगाणं गायचं न्हाय.

गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी भामट्यानं आण्णांची यूट्यूबवरची निवेदनं उचलली आणि एआयनं त्यांचा हुबेहूब आवाज बनवला. "रामराम पैलवान! ताकद पायजे? मग ही भुकटी घ्या!" जाहिरात मोबाईलवर फिराय लागली. आण्णांची पुतणी स्नेहल पळतच आली.

"काका, सायबर पोलिसांत चला. आणि उद्या मैदानात जाहीर सांगून टाका, ह्यो मी न्हवं म्हणून."

"अगं खुळे, मला सगळं कोल्हापूर वळखतंय. असलं खोटं कुणाला पटतंय?"

कशाला लपवू, आण्णा मनातनं खूशबी झालते. मला म्हणाले, "मशीनलासुद्धा माझाच आवाज लागला की गुंड्या!"

आरं देवा! सगळं कोल्हापूर वळखतंय म्हणूनच तर पटणार की!

दुसऱ्या दिवशी मैदानात मी कोपरानं ढोसलं. "सांगा की आण्णा." त्यांनी माईक तोंडाजवळ नेला, घसा खाकरला आणि पुढची जोड पुकारली. वस्तादांचा दंडक मोडवंना त्यांना.

कळंब्याचा राजवीर म्हणून एक पोरगं व्हतं. उमदं, कसलेलं. बाप कागलच्या एमआयडीसीत कामाला. ह्या पोरानं ती भुकटी मागवली. वस्तादाला इचारलंबी न्हाय. आण्णा सांगत्यात म्हटल्यावर इचारायचं कशाला? पुढं अंगावर सूज चढली. डॉक्टर म्हणाले, भुकटीत भलतंच औषध हाय, किडन्या खराब झाल्यात. जीव वाचला, पण कुस्ती कायमची सुटली.

ते कानावर आलं आणि आण्णा खचले. पोलिसांत तक्रार दिली. पुढच्या मैदानात दंडक मोडून पैल्यांदा स्वतःबद्दल बोलले. "मी काय विकत न्हाय. माझ्या आवाजात कोण काय बोललं तर आधी माझ्या दुकानात येऊन मला इचारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आण्णांना वाटलं, चला, थोडं तरी फिटलं.

मग आमी राजवीरच्या घरी गेलो. पोरगं आतल्या खोलीत झोपलं व्हतं. त्याची आई, वर्षाराणी, तिनं चहा दिला.

"ताई, देवाशप्पथ सांगतो, त्यो मी न्हवतो," आण्णा म्हणाले.

"ठाव हाय आण्णा. पोलिसांनी सांगितलंय. परवाचं तुमचं बोलणंबी मोबाईलवर ऐकलं. लई चांगलं बोलला." तिनं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. "पर तुमाला हे उन्हाळ्यातच कळलं व्हतं म्हणं. त्या जाहिरातीनंतरच्या मैदानात राजवीर पैल्या रांगेत बसलावता. घरी येऊन म्हणाला, आई, जाहिरात खोटी असती तर आण्णा मैदानात बोलले असते की. मग मागवली."

आण्णांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मीबी नुसतं कोपरानं ढोसून गप बसलोतो की.

येताना ते माझ्या गाडीवर मागं बसलेले. रंकाळ्यापाशी आलो. मग मागनं रडका आवाज आला, "गुंड्या, माईक हातातच व्हता की रं."

मी गाडी थांबवली न्हाय. त्यांचं तोंड बघायची ताकद माझ्यात न्हवती.