सुभेदारकाकांच्या मुली

आमच्या गावातल्या निवृत्त सैनिकांनी मुलींसाठी उन्हाळी बेसबॉलचा संघ काढला आहे. शहरातल्या संघाशी सामना होता तेव्हा गुण लिहायला मी बसलो होतो. शेवटच्या डावात आमच्या मुली बारा धावांनी मागे होत्या. पंच मला म्हणाले, "ऊन फार आहे. यांनी सामना सोडला असं लिहा."

प्रशिक्षक सुभेदारकाकांनी मुलींकडे पाहिलं. कर्णधार रेश्मा बॅट घेऊन उठली. "सर, आमची फलंदाजी बाकी आहे."

एकापाठोपाठ तिघी बाद झाल्या आणि डाव संपला, पण तिघीही जीव तोडून धावल्या. रेश्मा धापा टाकत माझ्यासमोर आली. "आता लिहा, हरलो म्हणून."

मी लिहिलं. आजवर कितीदा तरी मी हरण्याआधीच सोडून दिलं होतं. हरणं इतक्या ताठ मानेनं सांगता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.